गांजा, अतिवमन आणि कुमारवयीन रुग्णाची शुश्रूषा



व्यसनाधीनतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. त्यांत नीतीची चर्चा असते, कायद्याची असते, समाजाच्या अधःपतनाबद्दलचा विषादही असतो. आजचा विषय त्या मानाने लहान आणि अगदी नेमका आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पोट धरून, दिवसाला वीस-पंचवीस उलट्या करीत रुग्णालयात आणली जाते, तेव्हा त्या मुलाचे नेमके काय करायचे, हा तो विषय होय. या दुखण्याला वैद्यकशास्त्रात ‘कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम’ असे नाव आहे. मराठीत त्याला गांजाजन्य अतिवमन विकार म्हणता येईल. गांजा दीर्घकाळ आणि वारंवार ओढणाऱ्या काही जणांना वरचेवर अनावर उलट्यांचे झटके येतात आणि गांजा सुटेपर्यंत ते थांबत नाहीत, एवढे त्याचे सार आहे.

आजाराची ओळख

हा आजार प्रथम नीटपणे मांडला गेला तो ऑस्ट्रेलियात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड हिल्स या भागातील डॉक्टरांनी २००४ मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात काही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांत दोन गोष्टी समान होत्या. एक म्हणजे वर्षानुवर्षांचे गांजासेवन आणि दुसरी म्हणजे पुनःपुन्हा येणारे उलट्यांचे झटके. तिसरी गोष्ट मात्र डॉक्टरांनाही चक्रावून टाकणारी होती. यांतील बहुतेक रुग्ण झटका आला की तासन्‌तास कढत पाण्याने अंघोळ करीत. अंगावर गरम पाणी असेपर्यंत मळमळ कमी होई, पाणी बंद झाले की ती परत येई. ज्यांनी गांजा सोडला त्यांचा आजार थांबला. ज्यांनी काही काळाने तो पुन्हा सुरू केला, त्यांना झटकेही पुन्हा सुरू झाले.

या आजाराच्या तीन अवस्था सांगितल्या जातात. पहिल्या अवस्थेत सकाळी मळमळते, पोटात अस्वस्थ वाटते, उलटी होईल अशी धास्ती वाटते, पण जेवणखाण चालू असते. ही अवस्था कित्येक महिने, कधी वर्षेही टिकते. दुसरी अवस्था झटक्याची. तीत उलट्या थांबत नाहीत, पोट दुखते, पाण्याचा घोटही ठरत नाही. तिसरी अवस्था सुधारणेची. गांजा बंद झाल्यावर रुग्ण काही दिवसांत वा आठवड्यांत पूर्ववत होतो. पोटाच्या कार्यात्मक विकारांचे जे आंतरराष्ट्रीय ‘रोम निकष’ आहेत, त्यांच्या २०१६ च्या आवृत्तीत या विकाराला स्थान मिळाले.

यात एक विरोधाभास आहे आणि तो समजून घेतला नाही तर रुग्णाचे मन समजत नाही. गांजातील ‘टीएचसी’ हे रसायन थोड्या मात्रेत मळमळ थांबवते. त्यावर आधारित औषधाला अमेरिकेत १९८५ मध्ये, कर्करोगाच्या उपचारांत होणाऱ्या उलट्यांसाठी मान्यता मिळाली होती. म्हणून पहिल्या अवस्थेतील मुलाला मळमळले की तो उतारा म्हणून आणखी गांजा ओढतो. जे विष आहे तेच त्याला औषध वाटते. मेंदूत आणि आतड्यांत ज्या ग्राहकांवर हे रसायन काम करते, ते दीर्घकाळच्या भडिमाराने बिघडतात आणि परिणाम उलटा होऊ लागतो, अशी या विकाराची प्रचलित उपपत्ती आहे. शिवाय हे रसायन शरीरातील मेदात साठून राहते. आज सोडले आणि उद्या शरीर स्वच्छ झाले, असे होत नाही.

प्रसाराचे कारण

गांजा जगात प्राचीन काळापासून आहे. मग हा आजार आताच का दिसू लागला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर मात्रेत आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजाच्या नमुन्यांत १९९५ मध्ये टीएचसीचे प्रमाण सरासरी सुमारे ४ टक्के होते. २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. त्यापासून काढलेल्या अर्कांत आणि विद्युत-चिलमीत भरायच्या तेलांत तर ते ६० टक्क्यांहूनही अधिक असते.

दुसरे उत्तर बाजारात आहे. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून करमणुकीसाठी गांजाची किरकोळ विक्री सुरू झाली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी देशभर ती कायदेशीर केली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील एका अभ्यासात असे आढळले की, जानेवारी २०१४ ते जून २०२१ या काळात या आजारासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचे मासिक प्रमाण सुमारे १३ पट झाले. त्या अभ्यासातील बारकावा महत्त्वाचा आहे. कायदा बदलला, पण दुकाने मोजकी होती, तोवर मोठी उडी दिसली नाही. दुकाने वाढली, मालाचे प्रकार वाढले आणि त्याच सुमारास महामारीचा काळ आला, तेव्हा आकडा चढला. या देशांत अल्पवयीनांना गांजा विकण्यास बंदीच आहे. तरीही घरात, वसतिगृहात, मित्रमंडळीत वस्तू सहज उपलब्ध झाली की ती मुलांपर्यंत पोहोचतेच. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०२५ पासून या विकाराला रोगवर्गीकरणात स्वतंत्र संकेतांक द्यावा लागला, यावरूनच त्याचे प्रमाण लक्षात यावे. शिक्षणासाठी टोरांटो वा डेन्व्हरला मुले पाठविणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांनी ही माहिती ठेवली पाहिजे.

भारतही यापासून दूर नाही. येथील वैद्यकीय नियतकालिकांतही अशा रुग्णांची नोंद झालेली आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही सेवन केलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती. १० ते १७ वयोगटात ती सुमारे २० लाख होती. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजावरील बंधने उठविली आणि जून २०२५ मध्ये ती पुन्हा आवळली. या दरम्यान बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांकडून ‘हायड्रोपोनिक’ गांजा वारंवार पकडला गेला. हा बंदिस्त जागेत, मातीविना वाढविलेला अधिक तीव्र माल असतो. तथापि सगळे पाप परदेशाच्या माथी मारून चालणार नाही. गांजा आपल्याच डोंगरांत पिकतो आणि आपल्याच शहरांतील महाविद्यालयांच्या आसपास विकला जातो.

‘पित्ता’चा पडदा

मराठी घरांत उलटीला सर्वसाधारण नाव आहे ‘पित्त’. मुलगा सकाळी ओकला की जागरण, वडापाव, परीक्षेचा ताण अशी कारणे काढली जातात. आम्लनाशक गोळ्या होतात, कोकमाचे सरबत होते, सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते. काहीच सापडत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. वजन उतरते, कॉलेज बुडते. मुलगी असेल तर तिने खाणे मुद्दाम सोडले आहे असा संशय घेतला जातो. मुलाचे स्नानगृहात तासभर राहणे, गिझर रिकामा करणे ही आळसाची किंवा विक्षिप्तपणाची लक्षणे ठरतात. खरे तर तोच सर्वांत मोलाचा धागा असतो, पण तो कोणी डॉक्टरांना सांगत नाही, कारण तो सांगण्यासारखा आहे हेच कोणाला माहीत नसते.

या पडद्यामागे अज्ञानाइतकाच अभिमानही असतो. ‘आमच्या घरात असले काही नाही’ हे वाक्य सुशिक्षित, सुसंस्कृत घरांत फार लवकर उच्चारले जाते. संघटनेच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या घरांत तर ते अधिकच ठामपणे उच्चारले जाते. संस्कार हे कवच आहे यात शंका नाही. पण ते कवच आहे म्हणून आत जखम होऊच शकत नाही असे मानणे, हा संस्कारांचा गौरव नव्हे. त्यामुळे जखम फक्त झाकली जाते.

रुग्णालयातील कर्तव्य

आता मुख्य भागाकडे वळू. असा रुग्ण आला की पहिले कर्तव्य जीव सावरण्याचे. सतत उलट्यांनी शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात. पोटॅशियम घसरले की हृदयाची लय बिघडू शकते, पाणी घटले की मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून शिरेतून द्रव आणि क्षार देणे, रक्तातील साखर, क्षार व क्रिएटिनिन तपासणे, हृदयाचा आलेख काढणे ही कामे लगेच करावी लागतात. बरेच दिवस अन्न पोटात ठरलेले नसेल तर साखरेचे सलाइन लावण्यापूर्वी ब-१ जीवनसत्त्व देण्याचा विचार करावा लागतो, अन्यथा मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. उलटीतून रक्त आले तर अन्ननलिकेला चीर पडल्याची शक्यता पाहावी लागते. या आजारात मृत्यू विरळा आहेत, पण नोंदले गेले आहेत. ‘उलट्याच तर आहेत’ असे म्हणून दुर्लक्ष करता येत नाही.

दुसरे कर्तव्य अन्य आजार वगळण्याचे. मुलगा गांजा ओढतो हे कळले, म्हणजे निदान झाले असे नव्हे. गांजा ओढणाऱ्यालाही अपेंडिक्स होऊ शकते, स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो, आतड्याला पीळ पडू शकतो. कुमारवयात मधुमेह पहिल्यांदा उलट्यांनीच प्रकट होण्याची उदाहरणे असतात. मेंदूतील दाब वाढल्यानेही उलट्या होतात. मुलींच्या बाबतीत गर्भधारणेची चाचणी संकोच न करता आणि तिची प्रतिष्ठा राखून करावी लागते. लघवीतील गांजाच्या चाचणीलाही मर्यादा आहे. नियमित सेवन करणाऱ्यात ती कित्येक आठवडे होकारार्थी राहते. तिच्यावरून सेवन कळते, उलटीचे कारण सिद्ध होत नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात निदानासाठी तीन गोष्टी पाहण्यास सांगितले आहे. एक, वर्षभराहून अधिक काळ आणि आठवड्यातून चारपेक्षा अधिक वेळा होणारे सेवन. दोन, वर्षातून तीन वा अधिक एकसारखे झटके. तीन, सेवन पूर्ण बंद ठेवल्यावर दीर्घकाळ झटका न येणे. म्हणजे शेवटचा निर्वाळा काळच देतो. ही चौकट सुरुवातीलाच कुटुंबाला समजावली, तर त्याच त्या एंडोस्कोपी आणि सीटी स्कॅनचा फेरा वाचतो.

तिसरे कर्तव्य योग्य औषधाचे. उलटीवरची नेहमीची औषधे, विशेषतः ऑन्डान्सेट्रॉन, या विकारात पुष्कळदा अपुरी पडतात. कॅनडात प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हॅलोपेरिडॉल अधिक गुणकारी ठरले. पण कुमारवयीनांत त्याने मान आखडणे, स्नायू वाकडे होणे असे दुष्परिणाम होऊ शकतात आणि हृदयाच्या आलेखावरही लक्ष ठेवावे लागते. म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. अफूवर्गीय वेदनाशामके टाळावीत, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. त्यांनी मळमळ वाढते आणि एक व्यसन जाऊन दुसरे लागण्याचा धोका असतो.

कढत पाण्याचे कोडे औषधातही उपयोगी पडले आहे. उष्णतेची जाणीव करून देणारा त्वचेतील जो ग्राहक आहे, त्यालाच मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उद्दीपित करते. म्हणून कॅप्सेसिनचे मलम पोटावर लावल्याने काही रुग्णांना उतार पडतो. येथे घरगुती उत्साहाला आवर घातला पाहिजे. घरी मिरची वाटून पोटावर लेप लावणे म्हणजे कातडी भाजून घेणे होय. मलम ठरावीक मात्रेचे असते, लावणाऱ्याने हातमोजे घालायचे असतात आणि ते डोळ्यांपासून दूर ठेवायचे असते. कढत अंघोळीलाही मर्यादा हवी. त्यात भाजल्याच्या घटना झाल्या आहेत, आणि आधीच पाणी घटलेला मुलगा वाफेत चक्कर येऊन पडू शकतो.

एकांतातील प्रश्न

चौथे कर्तव्य सर्वांत अवघड आहे. ते आहे विचारण्याचे. आई उशाशी, वडील पायथ्याशी, काका दारात उभे असताना ‘तू काही नशा करतोस का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. कुमारवयीन रुग्णाशी काही वेळ एकट्याने बोलणे हा उपचाराचा भाग आहे. पालकांनी त्याला अपमान समजू नये. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी शांतपणे, दोषारोप न करता विचारावे. काय घेतोस, किती दिवसांपासून, कशातून, गरम पाण्याने बरे वाटते का, झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का. यातील शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये. गांजामागे अनेकदा चिंता किंवा नैराश्य दडलेले असते, आणि तीव्र गांजाच्या नित्य सेवनाचा गंभीर मनोविकारांशीही संबंध आढळला आहे. कुटुंबाला काय सांगायचे आणि कसे सांगायचे, हे शक्यतो मुलाला विश्वासात घेऊन ठरवावे. मात्र जिवाला धोका असेल तेथे पालकांना सांगणे भागच असते आणि तेही मुलाला आधी स्पष्ट करावे.

कायद्याचे भय हे मौनाचे आणखी एक कारण. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा व चरस बाळगणे आणि सेवन करणे हा गुन्हा आहे. पण त्याच कायद्यातील कलम ६४-अ सांगते की, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. दुसऱ्या बाजूला २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ७७ अल्पवयीनांना अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. कायद्याची दिशा उघड आहे. मुलासाठी उपचाराचे दार आणि त्याला माल पुरविणाऱ्यासाठी तुरुंगाचे.

घरी परतल्यावर

सलाइन निघाले, उलट्या थांबल्या, मुलगा घरी आला. खरा उपचार येथे सुरू होतो, कारण गांजा पूर्णपणे बंद होणे एवढाच या आजाराचा कायमचा इलाज आहे. कमी करून भागत नाही. पहिला आठवडा कठीण जातो. चिडचिड, निद्रानाश, भूक न लागणे, अस्वस्थता ही सोडण्याची लक्षणे असून ती सहसा दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. या काळात टोमणे, खोलीची झडती, नातेवाइकांपुढे पाणउतारा यांनी मुलगा घरापासून तुटतो आणि ज्या टोळक्यापासून तो सोडवायचा आहे, त्याच टोळक्याकडे ढकलला जातो. समुपदेशन, कुटुंबाचे एकत्रित मार्गदर्शन, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांचे साहाय्य आणि ठरलेल्या तारखांना फेरतपासणी, असा क्रम हवा. एकदा घसरण झाली तर सर्व संपले असे मानू नये, पण झटका परत का आला हे मुलाला त्याच वेळी समजावून सांगावे.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी मराठी समाजात रुजविण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. केंद्र सरकारचे नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावेत.

धर्माच्या नावाने पळवाट नको

गांजाच्या समर्थनार्थ भगवान शंकराचे नाव घेण्याची एक खोड तरुणांत दिसते. त्यावर मुले हसण्यावारी नेतात आणि मोठेही कौतुकाने हसतात. हे हसणे थांबले पाहिजे. शंकर नीलकंठ झाले ते जगाचे रक्षण व्हावे म्हणून स्वतः विष पचवून. आपल्या सुखासाठी आईबापांना रात्र-रात्र रुग्णालयाच्या बाकड्यावर बसविणाऱ्याने त्या देवतेचा दाखला देऊ नये. आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ म्हणून स्थान आहे हे खरेच. परंतु तेथे ती शोधन, मात्रा आणि वैद्याची देखरेख यांच्या बंधनात आहे, आणि औषधविषयक नियमांतही तिचा समावेश विषारी द्रव्यांच्या सूचीत आहे. औषधाला व्यसन बनवून वर परंपरेचा शिक्का मारणे हा परंपरेचाच अवमान होय.

कार्यकर्त्याचे काम यातून स्पष्ट होते. त्याने निदान करू नये, ते वैद्याचे काम आहे. पण सायंशाखेत, मैदानावर, वस्तीतील अभ्यासिकेत नेहमी येणारा मुलगा अचानक येईनासा झाला, वारंवार ‘पित्ताने’ आजारी पडू लागला, तर त्याच्या घरी जावे. उपदेश न करता बसावे. आईला गरम पाण्याविषयी विचारावे. डॉक्टरांकडे न्यायचे ठरले तर सोबत जावे आणि जे ऐकले ते चार घरी सांगू नये. गुप्तता पाळणे हादेखील सेवेचाच भाग आहे. मुलगा बरा होऊन परत मैदानावर आला, तर त्याला रांगेत पूर्वीचीच जागा मिळावी. मागचे काही विचारू नये. बारावीच्या वर्षी हातचे गेलेले एखादे मूल असे परत मिळाले, तर त्या घराच्या दृष्टीने त्याहून मोठे राष्ट्रकार्य दुसरे कोणते असणार?